तळ कुणाचा

शोमारी पाझी रोज सकाळी माझ्याकडे पेज प्यायला येतो, पण माझ्या बाकड्यावर त्याने बूड टेकलेलं मला आजवर आठवत नाही. एका हातात पेला, दुसरा हात छपराच्या खांबाला, आणि एक पाय सारखा हलता. गिऱ्हाइकं वैतागतात. म्हणतात, कुल्वाच्या आई, याला बांधून तरी ठेव, आमच्या पेजेत धूळ उडते. मी म्हणते, झारामो माणूस आहे बाबांनो, नारळाखाली झोपायचं सोडून उभा राहिलाय हेच नशीब समजा. एवढं म्हटलं की तो लगेच म्हणतो, तुझ्या आज्याने अरबांचे हस्तिदंत खांद्यावर वाहून इथवर आणले, म्हणून तुला उभा दिसला तो हमालच वाटतो. झालं, आमचा दिवस असा उजाडतो.

असं बोलायचा आम्हाला हक्क आहे. मी न्याम्वेझी, तो झारामो. आमच्या दोन जमातींत आज्या-पणज्यांपासून थट्टेचं नातं चालत आलंय. तो माझा म्तानी, मी त्याची म्तानी. म्तानीने काहीही बोलावं, समोरच्याने रागवायचं नाही. म्तानीने दारातली कोंबडी उचलून नेली तरी तोंड वाकडं करायचं नाही, वाटल्यास पुढच्या खेपेला तिची बकरी ओढून आणायची. मयताच्या घरी तर आमचंच राज्य. घरचे रडत असतात आणि आम्ही मेलेल्याची चाल काढून दाखवतो, तो घोरायचा कसा ते सांगतो. कबर खणून झाली की म्तानी आत उतरून सरळ आडवा होतो आणि म्हणतो, ही जागा माझी, आधी माझं काय ते द्या, मग तुमचा माणूस आणा. त्याला हवं ते मिळेपर्यंत कुणी हात लावत नाही, कुणी ओरडत नाही. परक्याला हे ऐकून झीट येईल. पण रडून रडून ज्यांची छाती दगड झालेली असते ते त्या वेळी खुदकन हसतात, आणि मग त्यांच्या घशाखाली दोन घास उतरतात.

तर शोमारीचा धंदा संडासाचे खड्डे उपसायचा. नाक मुरडू नका, खड्डा तुमच्याही घरी असतो, फक्त तुम्ही झाकण लावून मोकळे होता. आमच्या टांडाले वस्तीत एका घरात सहा खोल्या, सहा बिऱ्हाडं, आणि परसात एक खड्डा. गल्ल्या एवढ्याशा, की डोक्यावर पाण्याच्या बादल्या घेतलेल्या दोघी समोरासमोर आल्या तर एकीला मागे फिरावं लागतं. तिथे नगरपालिकेची मोठी गाडी कुठून शिरणार? म्हणून मग बेडूक. खड्ड्यात उतरणाऱ्यांना आमच्याकडे बेडूकच म्हणतात. वरची लादी फोडायची, आत मीठ आणि रॉकेल ओतायचं, घशात हातभट्टीची ओतायची, अन् कमरेला दोरी बांधून बादली घेऊन उतरायचं. तेही रात्री, कारण दिवसा त्यांना बघायची कुणाची तयारी नसते. शेजारच्या अंगणात दुसरा खड्डा खणून त्यात सगळं ओतायचं, वर माती लोटायची. सकाळी तेच लोक बेडूक गेला म्हणून नाकाला फडकं लावणार. मला याचा फार संताप येतो. पोट साफ करून घ्यायला माणूस हवा, आणि तोच माणूस बाकड्यावर शेजारी नको.

शोमारीचा जोडीदार आथुमानी. तोही झारामो, म्हणजे माझा तोही म्तानीच. बारीक अंगाचा, बोलका, माझ्या पेजेला पाणी म्हणायचा आणि तीन पेले प्यायचा. दोघांची पाळी ठरलेली असे. आज एक खाली, दुसरा वर दोरी धरून, उद्या उलट. कित्येक वर्षं त्यांनी ही पाळी मोडली नाही.

मोडली ती एकदाच. पाळी शोमारीची होती. त्याला हुडहुडी भरून ताप आला होता, दात वाजत होते. आथुमानी म्हणाला, तू दोरी धर, मी उतरतो, तुझ्या थरथरीने बादली सांडेल. तो खड्डा जुन्या तेलाच्या पिंपांनी बांधलेला, एकावर एक रचलेली पिंपं. खालची गंजून चाळण झालेली. वरचं वजन घाणीनेच तोलून धरलं होतं, आणि घाण आथुमानीने उपसली. बाजू आत आली. शोमारीने दोरी ओढली तर नुसती दोरी वर आली. त्याने नखांनी माती उकरली. लोकांनी त्याला धरून मागे ओढलं तेव्हा त्याच्या बोटांची सालटी निघाली होती. आथुमानीला बाहेर काढेपर्यंत ऊन वर आलं होतं. यातलं काहीच लपलेलं नाही, पाळी कुणाची होती हे अख्ख्या टांडालेला माहीत आहे.

मयताला मी माझं काम केलं. आथुमानीच्या कबरीत उतरले, लांब झाले, म्हटलं, हा मेला जन्मभर लोकांच्या खड्ड्यांत फुकट राहिला, आज भाडं घेतल्याशिवाय मी उठत नाही. सगळे हसले. त्याची बायको हसली आणि मग मोकळी होऊन रडली. शोमारी तेवढा हसला नाही. माझ्या अंगावर नाणं टाकलं ते माझ्याकडे न बघता. खालून मला त्याचा एक पाय दिसत होता, सारखा हलत होता.

त्यानंतर महिन्याभराने त्याची बायको झुवेना माझ्याकडे आली. मोठी अबोल बाई, पण त्या दिवशी बोलत सुटली. म्हणाली, झोपेत हात चालतात त्यांचे, दोरी ओढतात. दिवसा कुणाच्याही परसात शिरून खड्ड्यात डोकावतात, लोक चोर समजून हाकलतात. आणि आता पाळी पाळत नाहीत. नवा जोडीदार घेतलाय त्याला कायम वर ठेवतात, स्वतःच उतरतात, आणि काम संपलं तरी वर येत नाहीत.

शेवटी म्हणाली, "कुल्वाच्या आई, ते घाण काढायला उतरत नाहीत. ते आथुमानीला शोधायला उतरतात. एक दिवस तिथेच राहतील."

मी विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, मी बोलले की भांडण होतं, तू बोललीस की त्यांना ऐकून घ्यावं लागतं, म्तानी आहेस, लक्ष ठेव. मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं? पण त्या दिवसापासून जिवाला घोर लागला तो लागलाच. सकाळी तो पेजेला उशिरा आला की माझी पळी हातात तशीच राही.

मग ती गाडी आली आणि आम्हा दोघींना वाटलं, सुटलो.

कुठल्याशा संस्थेने एक कारखाना काढला होता, त्यातल्या लोकांनी ती हातगाडी बनवली. एका गाडीवर मोठं पिंप, झाकण घट्ट बसणारं. दुसऱ्या गाडीवर एक चाक, त्याला मूठ, आणि चाकाला जोडलेला भाता. सायकलचा पंप उलटा चालवला तर काय होईल, तसला. मधे एक बारीक नळी. चाक फिरवलं की पिंपातली हवा बाहेर ओढली जाते. पिंपाला दुसरी एक नळी, मनगटापेक्षा जाड, कडेकडेने वळ्या असलेली. ती खड्ड्यात सोडायची. पिंपात हवासुद्धा उरली नाही की बाहेरची हवा खड्ड्यावर रेटा देते, आणि घाण नळीतून वर चढून पिंपात पडते. बादली नाही, दोरी नाही, खाली माणूस नाही. भात्याला घाण शिवत नाही, त्यातून नुसती हवा जाते. हे सगळं मला शोमारीने सांगितलं, तेही शपथा घालून, कारण मला आधी खरंच वाटत नव्हतं. म्हटलं, काही नसण्यात एवढी ताकद असती तर तुझ्या डोक्याने केवढी गाडी ओढली असती.

चाक फिरवायला किब्वाना नावाचा आडदांड गडी मिळाला. दिवसभर चाक फिरवेल पण चार शब्द बोलणार नाही. नळी शोमारीच्या हातात. कारखान्यातल्या मिस्त्रीने त्याला एक खुबी शिकवली. पातळ असेल तर नळी बुडवून ठेवली तरी चालतं. पण खालचं घट्ट, वाळू मिसळलेलं, ते नुसत्या ओढीने हलत नाही. तिथे नळीचं तोंड थोडं बुडवायचं, थोडं वर काढायचं, अर्धा घोट घाण, अर्धा घोट वारा. वारा नळीत घुसतो तो सुसाट, आणि जाता जाता पुढचा गोळा फरफटत नेतो. नळी मोठमोठे ढेकर देते, पोरं पोट धरून हसतात. इतरांचा हात दहा मिनिटांत कंटाळायचा, एका जागी स्थिरावायचा, आणि नळी तुंबायची. शोमारीचा हात स्थिर राहतो कुठे? जन्मात पहिल्यांदा त्याच्या चुळबुळीला काम मिळालं. मिस्त्री म्हणाला म्हणे, या कामाला देवाने तुलाच घडवलंय. हे शोमारीने मला तीनदा सांगितलं.

आणि काम दिवसा. धुतलेला सदरा घालून तो भर उन्हात गल्लीतून गाडी ढकलत जायचा, बायका वाट द्यायच्या. झुवेनाच्या चेहऱ्यावर मांस आलं. झोपेत हात चालणं थांबलं नाही, पण आता ते नळीसारखे वरखाली हलतात असं ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

काही वर्षांनी त्या संस्थेने गाशा गुंडाळला. गाडी मात्र शोमारीकडे राहिली. भात्याचं चामडं फाटलं, त्याने जुन्या बुटाचं लावलं. पिंप गळलं, गल्लीतल्या वेल्डरने डागलं. पण नळी? तसली नळी कारियाकोच्या अख्ख्या बाजारात नाही. बागेची नळी लावली तर ती हवा ओढली की चपटी होते. ही कडक, वळ्यांची, बाहेरून आलेली, आणि एकच. शोमारी ती रोज धुवायचा, सावलीत ठेवायचा, घरात घ्यायचा. नळी गेली तर पुन्हा दोरी आणि बादली, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही.

आता बीबी म्वानाशाकडे येते. सहा खोल्यांची मालकीण, दातांत सुपारी, तोंडात तक्रार. पावसाळा नुकताच सरला होता, तिचा खड्डा काठोकाठ भरला होता. शोमारीला बोलावलं आणि पहिलीच अट घातली, तळ दिसला पाहिजे. आमच्याकडे सगळ्या मालकांना हाच सोस. काम झालं की आरसा घेऊन येतात, उन्हाचा कवडसा खड्ड्यात पाडतात, आणि तळाची वाळू चमकली नाही तर फसवलं म्हणून बोंब मारतात. खरं तर खाली कमरेइतकं राहू द्यावं, भिंतीला आतून आधार असतो. पिंपांचा खड्डा आथुमानीवर कसा पडला हे गल्लीने बघितलं, तरी आरसे काही खाली ठेवले नाहीत. पाहुणा जेवायला बसला की भांडं तळापर्यंत खरवडून वाढावं, हा आमचा शिरस्ता खड्ड्यालाही लावतात.

बीबी म्वानाशा आरसा घेऊन उभीच होती. शोमारी म्हणाला, बीबी, एवढं राहू दे, भिंत सुट्या विटांची आहे, पावसाने माती भुसभुशीत झालीय. ती म्हणाली, मग अर्ध्या कामाला आलास कशाला? त्याला टोचलं असावं. त्याने नळी पार खाली घातली, वाळूत. तिथे कुणाचं तरी जुनं खांगा पडलं होतं, बायका कमरेला गुंडाळतात ते मोठं फडकं. नळीने ते ओढलं, अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि भिंतीची एक वीट सुटून नेमकी त्यावर बसली. ओढ ओढ ओढली, हलेना. किब्वानाने भाता उलटा जोडून हवा आत सोडली, फुंकून निघतंय का बघायला. ते फडकं निघालं नाहीच, वर उसळलेली घाण मात्र बीबीच्या नव्या चुन्याच्या भिंतीवर जाऊन बसली. मग तिच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

मी तेव्हा तांदळाचे विटुंबुआ तळत होते. किब्वाना धावत आला, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायला लागला. जो माणूस चार शब्द बोलत नाही तो एका दमात म्हणाला, "नळी अडकली, तो लादी फोडतोय, कमरेला दोरी बांधलीय, झुवेना घरी नाही, तू चल."

मी कढई तशीच टाकली. माझं शरीर धावायचं नाही, पण मी धावले.

परसात पोचले तर पहारीने लादी फोडून माणूस मावेल एवढं भोक झालेलं. सदरा काढून नीट घडी घालून बाजूला ठेवलेला. ती घडी मला बरी वाटली नाही. कामाच्या घाईत माणूस सदरा भिरकावतो, घडी घालत बसत नाही. शोमारी भोकाच्या काठावर उभा, दोरीचं दुसरं टोक पेरूच्या झाडाला. आणि त्याचा पाय हलत नव्हता. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा त्याचा पाय थांबलेला बघितला.

समजावणं मला जमत नाही, रडणं त्याहून नाही. मला एकच काम येतं. मी त्याला खांद्याने बाजूला ढकललं आणि त्या भोकावर फतकल मारून बसले. देवाने मला रुंद केलं ते उगाच नाही, पूर्ण भोक झाकलं गेलं. खालून वास येत होता, गरम हवा येत होती, काही बोलायची सोय नाही. पण बसले.

म्हटलं, ही जागा माझी. आधी माझं काय ते द्या.

बीबी म्वानाशा किंचाळली, हिला उठवा, ही काय नाटकं. पण परसात दोन म्हातारे होते, त्यातला एक म्हणाला, बीबी, ती म्तानी आहे, ती अशी बसली की तिला उठवता येत नाही, तुझ्या घरी मयत झालं असतं तरी आम्ही हेच म्हटलं असतं. मयत शब्द निघाल्यावर बीबीने आरसा खाली केला.

शोमारी म्हणाला, उठ. मी नाही म्हटलं. त्याने खिशातली नाणी काढून माझ्या मांडीवर टाकली. मी झटकून दिली. कोंबडी देतो म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या कोंबड्या तुझ्यासारख्याच, नुसत्या फिरतात, अंगाला मांस नाही. रेडिओ देतो म्हणाला. रेडिओवर त्याचा जीव, तरी देतो म्हणाला, एवढी त्याला खाली जायची घाई. मी नको म्हटलं.

"मग काय हवं तुला?"

आता खरं सांगते, तोवर मलाही ठाऊक नव्हतं काय मागायचं. बसून वेळ काढावा, तोवर झुवेना येईल, एवढंच डोक्यात होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं.

"तळ. या खड्ड्याचा तळ मला हवा. नळीचं तोंड, ते फडकं, ती वीट, खाली जे काही आहे ते सगळं माझं. माझ्या जागेत मला विचारल्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही."

कुणी हसलं नाही. शोमारी गुडघ्यांवर आला, म्हणजे त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. म्हणाला, "मला जाऊ दे. नळीचं निमित्त आहे, तुला कळतंय. तो खाली आहे असं मला रोज वाटतं. तो खाली, आणि मी वर उभा. मला उभं राहवत नाही आता."

मला राग आला आणि वाईटही वाटलं. मी त्याचा कान धरला. चांगला पिळला, म्तानीचा हक्क आहे. म्हटलं, "मुडद्या, तो खाली नाही. त्याची जागा मी अंगाने मोजलीय, त्याच्या आधी मी तिथे झोपले होते. कोरडी आहे, वाळूची आहे, आंब्याखाली आहे. तिथे वास नाही, अंधार नाही. तुला भेटायचं तर तिकडे जा. हा खड्डा माझा आहे, इथे आथुमानी नाही."

मग त्याचे खांदे हलायला लागले. मयताच्या दिवशी जे व्हायला हवं होतं ते त्या दिवशी झालं, बीबी म्वानाशाच्या परसात, भर दुपारी, सगळ्यांसमोर. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा रडला. मी भोकावर बसलेली, खालून ती वाफ, वर हा रडतोय, आणि कढईतलं तेल जळून गेलं असणार हेही मला आठवत होतं. माणसाचं डोकं असंच असतं. किब्वानाने मुकाट्याने पेरूच्या झाडाची दोरी सोडली.

मग शोमारी उठला, नाक पुसलं, किब्वानाकडून कोयता घेतला. नळी हाताने चाचपली, जिथवर मोकळी वर येत होती तिथवर ओढून धरली, आणि घाव घातला. एवढी जपलेली नळी. दोन घावांत तुटली. खालचा तुकडा सटकन आत गेला. वरचा तुकडा त्याने मापला, पुरुषभर आणि वर हातभर. म्हणाला, घे, तुझं तुला दिलं, आता तरी ऊठ. मला उठवायला मात्र किब्वाना आणि एक म्हातारा लागला, पाय मेले होते माझे. बीबी म्वानाशा पुढच्या शुक्रवारपर्यंत बोलत होती, पण तिची भिंत पडली नाही आणि तिचं घर उभं आहे, एवढं मी सांगेन.

त्या दिवसापासून शोमारीची नळी आखूड आहे. वरचं तेवढं ओढतो, खालचं राहतं. मालक आरसा घेऊन येतात, तळ दिसत नाही, भांडायला लागतात. तो गाडी आवरत म्हणतो, तळ माझा नाही, आमच्या म्तानीचा आहे, पेज विकते ना कोपऱ्यावर ती, तिला विचारा. आणि ते खरंच येतात हो माझ्याकडे. मेल्याने मला अख्ख्या टांडालेच्या खड्ड्यांची मालकीण करून ठेवलंय. गिऱ्हाइकं पेज पीत असतात आणि समोर कुणीतरी उभा राहून माझ्याशी त्याच्या संडासाचा हिशेब करतो. मी पळी उगारते, आणि म्हणते, माझी जागा आहे, मला साफ नकोय, चालते व्हा.

पाय त्याचा पुन्हा हलायला लागलाय. झोपेत हात चालतात. ते जाणार नाही, हे झुवेनाला कळलंय आणि मलाही. कधी शुक्रवारी तो आंब्याखाली जाऊन येतो, चपलेला वाळू असते त्यावरून मला कळतं.

आणि कधी कधी, वर्षातून एखाद्या सकाळी, तो पेज घेतो आणि पीत नाही. पाय थांबलेला असतो. गिऱ्हाइकं नेहमीसारखी हसत-बोलत असतात. तो माझ्याकडे न बघता थट्टेच्या आवाजात विचारतो, "म्तानी, आज जाऊ का तुझ्या जागेत?"

सगळे हसतात. मी हसत नाही. मी त्याचं तोंड नीट बघते.

"नाही," मी म्हणते.

"बरं," तो म्हणतो, पेज पिऊन टाकतो, आणि गाडी ढकलत कामाला जातो. त्या दिवशी माझी एक तरी चूल विझते आणि एक तरी घाणा करपतो, कारण तो परत येताना दिसेपर्यंत माझं लक्ष रस्त्यावर असतं.